बदकांचे घर आणि काळी शाई : ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहातील, म्हणजे तेथील लोकनियुक्त सभागृहातील, 646 सदस्यांनी सरकारी तिजोरीतून उचललेल्या घरभत्त्यांचा तपशील लंडनच्या ‘द डेली टेलिग्राफ’ या दैनिकाने 8 मे 2009 च्या अंकापासून क्रमाक्रमाने छापायला घेतला आणि त्यानंतरचे कित्येक आठवडे त्या देशाच्या राजकारणात दुसऱ्या कोणत्याही विषयाला फारशी जागा उरली नाही. या अवधीत कॉमन्सच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले, मंत्रिमंडळाला गळती लागली, सत्तारूढ मजूर पक्ष युरोपीय निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला, आणि खासदारांनी आपल्या खर्चाचे नियम आपणच ठरवावेत ही जुनी चाल कायमची मोडली. या प्रकरणाची हकिकत बहुधा एका फुटलेल्या संगणकीय डिस्कपासून सांगितली जाते, परंतु तिचे मूळ खासदारांच्या पगारात आहे, आणि तो पगार वाढवताना प्रत्येक सरकारला दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांची जी धास्ती वाटत असे, तिच्यात आहे. वृत्तपत्रांनी उघडकीस आणलेली ही व्यवस्था बऱ्याच अंशी वृत्तपत्रांच्याच भीतीतून जन्मली होती, ही गोष्ट त्या गदारोळात कोणी फारशी बोलून दाखवली नाही.

संसद सदस्याला पगार असावा ही ब्रिटनमधील चार्टिस्ट चळवळीची 1838 च्या सनदेतली एक प्रमुख मागणी होती. ज्याला घरची जहागीर नाही त्यालाही संसदेत बसता यावे, एवढाच तिचा साधा अर्थ होता. ती मान्य व्हायला 1911 साल उजाडले आणि तेव्हा वर्षाला 400 पौंड ठरले. पुढच्या काळात महागाई वाढत गेली तसा पगारवाढीचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि प्रत्येक वेळी तो सोडवणे सरकारांना जड गेले, कारण कामगारांना काटकसर शिकवणाऱ्या सरकारने आपल्याच सदस्यांना वाढ दिली की दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी होणार हे ठरलेले असे. 1983 मध्ये वरिष्ठ पदांच्या पगारांचा आढावा घेणाऱ्या मंडळाने खासदारांसाठी भरघोस वाढ सुचवली, पण मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला ती एकदम देणे परवडणारे नव्हते. अशा प्रसंगी जो मार्ग सापडतो तोच येथेही सापडला : पगाराचा आकडा आटोक्यात ठेवायचा आणि भत्त्यांची बाजू सैल सोडायची. पगार सर्वांच्या डोळ्यांवर येतो, भत्ता मात्र कोणी विचारल्याखेरीज दिसत नाही. कित्येक खासदारांची अशी समजूत झाली होती, आणि ती करून देणारे ज्येष्ठ सहकारीही होते, की भत्ता म्हणजे न मिळालेल्या पगाराची भरपाईच असून तो पुरता उचलणे हा आपला हक्क आहे.

ज्या भत्त्यामुळे हे सारे घडले त्याचे नाव ‘अतिरिक्त खर्च भत्ता’ असे होते आणि तो 1971 मध्ये सुरू झाला होता. लंडनबाहेरच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या खासदाराला दोन ठिकाणी बिऱ्हाड करावे लागते, एक मतदारसंघात आणि दुसरे वेस्टमिन्स्टरच्या जवळपास, तेव्हा दुसऱ्या बिऱ्हाडाचा खर्च सरकारने सोसावा, ही त्यामागची कल्पना होती आणि तिच्यात गैर काहीच नव्हते. 2001 च्या जुलैमध्ये सदस्यांनी स्वतःच मतदान करून या भत्त्याची कमाल मर्यादा सुमारे 42 टक्क्यांनी वाढवून घेतली आणि 2008-09 पर्यंत ती वर्षाला 24 हजार पौंडांवर पोहोचली. एप्रिल 2009 पासून खासदाराचा पगार 64,766 पौंड होता, म्हणजे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम या एका भत्त्यातून, तीही करमुक्त, मिळू शकत होती. घराचे भाडे किंवा गृहकर्जावरील व्याज, दुरुस्ती, फर्निचर, साफसफाई, बागकाम, वीज, नगरपालिकेचा कर असे सारे काही त्यात बसत होते. अडीचशे पौंडांखालच्या खर्चाला 2008 पर्यंत पावतीचीही गरज नव्हती, आणि खाण्यापिण्यासाठी महिन्याला 400 पौंडांपर्यंतची रक्कम केवळ सदस्याच्या शब्दावर मिळत असे.

ही बिले मंजूर करणारे संसदेचे शुल्क कार्यालय सदस्यांच्या सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांचे होते आणि ज्यांची बिले तपासायची तेच मालक, अशी त्या कर्मचाऱ्यांची अडचण होती. नियमपुस्तिकेत खर्च ‘संसदीय कर्तव्यासाठी सर्वस्वी व अनिवार्यपणे’ झालेला असावा, अशी अट होती खरी. पण रंगीत दूरचित्रवाणी संच कितीचा असला म्हणजे तो कर्तव्यासाठी अनिवार्य ठरतो, याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. तेव्हा या कर्मचाऱ्यांनी जॉन लुइस या प्रसिद्ध दुकानाच्या भावांवरून आपल्यापुरती एक दरसूची तयार केली होती. तिच्यात स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाला 10 हजार पौंडांपर्यंत आणि दूरचित्रवाणी संचाला 750 पौंडांपर्यंत रक्कम देण्यास हरकत नाही असे धरले होते. ही सूची खुद्द खासदारांपासून गुप्त राखण्यात येत असे, कारण कमाल आकडा कळला की प्रत्येक बिल नेमके त्याच आकड्याचे येईल, अशी अधिकाऱ्यांना खात्री होती. सदस्यांच्या सचोटीविषयी त्यांच्याच कार्यालयाचे काय मत होते, हे यातून पुरेसे कळते.

भत्त्याचा खरा गैरवापर मात्र दूरचित्रवाणी संचांत नव्हता. दोन घरांपैकी मुख्य कोणते आणि दुसरे कोणते हे सदस्याने स्वतः जाहीर करायचे होते आणि ही नोंद वाटेल तेव्हा बदलता येत होती. म्हणजे आज लंडनचे घर ‘दुसरे’ म्हणून नोंदवून त्याची डागडुजी सरकारी पैशाने करून घ्यायची, ती पुरी झाली की मतदारसंघातले घर ‘दुसरे’ म्हणून नोंदवायचे आणि तेही सजवून घ्यायचे. या उलटापालटीला पुढे वृत्तपत्रांनी ‘फ्लिपिंग’ हे नाव दिले. त्यात आणखी एक मेख होती. ब्रिटनमध्ये राहते मुख्य घर विकून झालेल्या नफ्यावर भांडवली लाभ कर पडत नाही, दुसऱ्या घरावर पडतो. आणि संसदेपुढे ‘दुसरे’ म्हणून दाखवलेले घर कर खात्यापुढे ‘मुख्य’ म्हणून दाखवायला कायद्याची आडकाठी नव्हती. एकच घर एका खिडकीवर दुसरे आणि पलीकडच्या खिडकीवर पहिले ठरत होते. हे पकडायचे तर खासदाराच्या बिलांवरचे पत्ते वर्षानुवर्षे ताडून पाहणे, एवढा एकच उपाय होता, आणि या प्रकरणाचा सारा पुढचा इतिहास त्या पत्त्यांभोवती फिरतो.

ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा 2000 मध्ये संमत झाला आणि 1 जानेवारी 2005 रोजी पूर्णपणे अमलात आला. भारतातील माहितीच्या अधिकाराचा कायदाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू झाला, त्यामुळे अर्ज, नकार, अपील आणि पुन्हा नकार ही जी वाट पुढे ब्रिटिश पत्रकारांना तुडवावी लागली ती मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. अमेरिकेत पत्रकारिता करून लंडनला आलेल्या हेदर ब्रुक यांनी 2004 पासूनच संसदेच्या कार्यालयाकडे खासदारांच्या खर्चाची विचारणा सुरू केली होती. अमेरिकेतील लोकप्रतिनिधींचे खर्च तपासण्याची सवय असलेल्या या बाईंना लंडनमध्ये तीच कागदपत्रे राजगुह्य समजली जातात याचे आश्चर्य वाटले होते. त्यांच्याबरोबर ‘संडे टेलिग्राफ’चे बेन लीपमन आणि ‘संडे टाइम्स’चे जोनाथन अंगोड-थॉमस यांचेही अर्ज होते. कॉमन्सने ते नाकारले, प्रकरण माहिती न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि तेथे फेब्रुवारी 2008 मध्ये निकाल लागला की 14 प्रमुख सदस्यांच्या खर्चाचा तपशील पावत्यांसह खुला करावा. अध्यक्ष मायकेल मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली कॉमन्सने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि 16 मे 2008 रोजी तेथेही हार पत्करली.

न्यायालयात हरण्याआधी आणि नंतरही संसदेने कायद्यातूनच निसटण्याचा प्रयत्न केला होता, ही बाब तिच्या अब्रूला अधिक बाधक ठरली. हुजूर पक्षाचे डेव्हिड मॅक्लीन यांनी संसदेला माहितीच्या कायद्यातून वगळण्याचे खासगी विधेयक आणले आणि 18 मे 2007 रोजी कॉमन्सने ते मंजूरही केले. लॉर्ड्सच्या सभागृहात ते मांडायला एकही सदस्य पुढे न आल्याने ते बारगळले. जानेवारी 2009 मध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या मजूर सरकारने खर्चाचे कागद कायद्याच्या कक्षेबाहेर काढणारा आदेश पुढे केला, पण विरोधी पक्षाने साथ काढून घेताच तोही मागे घेतला. ज्या जॅक स्ट्रॉ यांनी गृहमंत्री म्हणून 2000 साली हा कायदा संमत करवून घेतला, तेच आता न्यायमंत्री होते, आणि नगरपालिकेच्या करात निम्मी सवलत मिळत असताना आपण पूर्ण कराची भरपाई उचलत होतो हे त्यांना स्वतःला लवकरच कबूल करावे लागणार होते. कायदा आणणारे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पुढे आपल्या आत्मकथनात या कायद्याबद्दल स्वतःला मूर्ख म्हणवून घेतले.

न्यायालयाच्या निकालानंतर सर्वच सदस्यांचे कागद जुलै 2009 मध्ये प्रसिद्ध करायचे ठरले. लाखो पाने संगणकावर उतरवून त्यांच्यातील ‘खासगी’ मजकुरावर काळी पट्टी मारण्याचे काम सुरू झाले. सुरक्षेच्या नावाखाली या पट्ट्यांत घरांचे पत्ते संपूर्णपणे झाकले जाणार होते. पत्ते गेले की फ्लिपिंग गेले, आणि त्याबरोबर भांडवली लाभ कराचा प्रश्नही गेला. उरला असता तो केवळ गालिच्यांचा आणि किटल्यांचा हिशेब. संसदेने सारे काही उघड केले असते आणि तरीही मुख्य गोष्ट कोणाला दिसली नसती.

हे काम जेथे चालले होते तेथे पहाऱ्याला ठेवलेल्यांत काही सैनिकही होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांवर जाणारे हे लोक रजेच्या काळात पहारेकऱ्याची नोकरी करून स्वतःसाठी चांगल्या प्रतीचे साहित्य घ्यायला पैसे जमवत होते, आणि शेजारच्याच टेबलांवर खासदारांच्या घरांतील सामानाची बिले झाकली जात होती. या विसंगतीने तेथील काही कर्मचारी चिडले व त्यातून काळ्या पट्ट्या न मारलेल्या माहितीची डिस्क बाहेर पडली, असे ‘टेलिग्राफ’चे वार्ताहर रॉबर्ट विनेट आणि गॉर्डन रेनर यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकात सांगितले आहे. जॉन विक या माजी सेनाधिकाऱ्याच्या मध्यस्थीने ती डिस्क निरनिराळ्या वृत्तपत्रांना दाखवण्यात आली. ‘टाइम्स’ने ती घ्यायला नकार दिला आणि ‘टेलिग्राफ’ने लाखभर पौंडांहून अधिक रक्कम मोजून ती विकत घेतली. बातमीसाठी पैसे मोजणे हा ब्रिटिश पत्रसृष्टीतही नाक मुरडण्याचा विषय आहे, शिवाय माल चोरीचा होता. परंतु काळ्या पट्ट्यांखाली काय दडणार आहे हे डोळ्यांसमोर असताना सोवळेपणाने हात आखडणाऱ्यांपेक्षा संपादक विल्यम लुइस यांचा निर्णय अधिक जबाबदारीचा होता, असेच म्हणावे लागते. लंडनच्या पोलिसांनीही पुढे लोकहिताचा मुद्दा लक्षात घेऊन या गळतीचा तपास करण्याचे नाकारले.

व्हिक्टोरिया स्थानकाजवळच्या आपल्या कचेरीतील एक खोली बंद करून वृत्तपत्राने तेथे निवडक वार्ताहरांना बसवले. कामाची पद्धत सावकाराच्या कारकुनाची होती : एकेका सदस्याचे अर्ज, पावत्या, बँकेची पत्रे आणि पत्रव्यवहार तारीखवार लावायचे, पत्ते जमीन नोंदणीच्या दप्तराशी ताडायचे, विसंगती सापडली की संबंधिताला त्याच दिवशी लेखी प्रश्न पाठवायचे आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागायचे. मुदत एवढी आखूड ठेवण्याचा फायदा उघड होता, कारण न्यायालयाचा मनाईहुकूम आणायला कोणाला वेळच मिळत नव्हता. यामुळे दररोज दुपारी वेस्टमिन्स्टरमध्ये आज पत्र कोणाला आले याचीच कुजबुज चालू झाली. मंत्र्यांची दुपार उत्तरांचा खर्डा करण्यात आणि संध्याकाळ अंकाची वाट पाहण्यात जाऊ लागली. सारी माहिती एकाच दिवशी छापली असती तर दोन दिवस खळबळ होऊन ती विरली असती. रोज थोडे देण्याच्या या रीतीने सरकारचा कार्यक्रम पंतप्रधानांच्या कचेरीऐवजी एका संपादकाच्या टेबलावर ठरू लागला.

पहिला अंक मंत्रिमंडळावर होता आणि त्याची सुरुवात काहीशी फसलेली होती. पंतप्रधान ब्राऊन यांनी आपल्या भावाला 26 महिन्यांत साफसफाईपोटी 6,577 पौंड दिले, ही पहिल्या पानावरची बातमी वाचायला झणझणीत होती, पण दोघा भावांची मोलकरीण एकच होती आणि तिच्या पगाराचा वाटा भावामार्फत जात होता, एवढाच तिचा अर्थ निघाला. हेझल ब्लिअर्स यांचे प्रकरण मात्र खरेखुरे होते. या मंत्रिणबाईंनी एकाच वर्षात तीन निरनिराळ्या घरांसाठी भत्ता घेतला होता आणि लंडनचा फ्लॅट विकताना भांडवली लाभ कर भरला नव्हता. 12 मे रोजी त्यांनी 13,332 पौंडांचा धनादेश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर फडकावून दाखवला आणि आपण तो कर खात्याला देत आहोत असे सांगितले. कायद्याने ही रक्कम देणे लागत नव्हतेच, असा त्यांचा दावा होता. तो खरा असला तरी इतकी मोठी रक्कम एका दिवसात सहज लिहून देणारा हात पाहून लोकांचा राग शमण्याऐवजी वाढला.

‘टेलिग्राफ’ हे परंपरेने हुजूर पक्षाचे मुखपत्र समजले जाते, तेव्हा पहिले तीन दिवस केवळ मजूर पक्षाची लक्तरे निघाल्यावर पक्षपाताची ओरड झाली. चौथ्या दिवशी, 11 मे रोजी, हुजूर पक्षाची पाळी आली आणि तिने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. मजूर पक्षीयांची बिले मध्यमवर्गीय संसाराची होती. हुजूर पक्षाच्या खासदारांची बिले मात्र वाडेहुड्यांची निघाली : तरणतलावाच्या बंबाची दुरुस्ती, घोड्याच्या लिदीचे खत, झाडांची तपासणी. माजी मंत्री डग्लस हॉग यांच्या लिंकनशायरमधील केटलथॉर्प हॉल या वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचे 2,115 पौंड हिशेबात आढळले. खंदक म्हटला की मराठी वाचकाला भुईकोट किल्ला आठवतो. लोकप्रतिनिधीच्या घराभोवती तो असतो आणि त्याचा गाळ करदात्याच्या पैशाने निघतो, हे दृश्य ब्रिटिश मतदारालाही तितकेच अपूर्व वाटले. हॉग यांचे म्हणणे असे होते की त्यांनी घराच्या एकूण खर्चाची यादी कार्यालयाला दिली होती आणि भत्त्यातून त्यातला काही भागच मिळत होता. म्हणणे खोटे नव्हते, पण ‘खंदक’ हा शब्द एकदा छापून आल्यावर ते ऐकायला कोणी थांबले नाही.

हुजूर पक्षाचेच खासदार सर पीटर व्हिगर्स यांच्या बागकामाच्या कागदांत एक बिल होते. तळ्यात तरंगणारे, बदकांसाठीचे, सुमारे पाच फूट उंचीचे एक लाकडी घर, अठराव्या शतकातील स्वीडनमधल्या एका इमारतीच्या धर्तीचे, किंमत 1,645 पौंड. या संपूर्ण प्रकरणाची खूण म्हणून आजही त्या बदकांच्या घराचेच नाव घेतले जाते आणि व्हिगर्स यांची पस्तीस वर्षांची संसदीय कारकीर्द त्याखाली झाकून गेली. शुल्क कार्यालयातील कोणा कर्मचाऱ्याने त्या नोंदीशेजारी ‘मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारला होता आणि त्या घरावर सरकारचा एक पैही खर्च झाला नव्हता, ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात राहिली. बदके त्या घरात कधी राहिलीच नाहीत, असे व्हिगर्स यांनी नंतर सांगितले.

येथे वृत्तपत्रांच्या एका मर्यादेची नोंद घ्यावी लागते. गृहकर्ज फिटल्यानंतरही त्याच्या व्याजाचे पैसे उचलणे हा गुन्हा होता, आणि मजूर पक्षाचे माजी मंत्री एलियट मॉर्ली यांनी तसे 16 हजार पौंडांहून अधिक उचलले होते. त्याच पक्षाच्या खासदार मार्गारेट मोरन यांनी आपल्या ल्यूटन मतदारसंघापासून शंभर मैलांवर, साउदॅम्प्टनच्या घरात लाकडाला लागलेल्या बुरशीचा बंदोबस्त करण्यासाठी 22,500 पौंड घेतले होते. ही रक्कम बदकांच्या घराच्या किमतीच्या जवळजवळ चौदापट होती. असे असूनही चहाच्या दुकानात आणि विनोदी कार्यक्रमांत चर्चा झाली ती खंदकाची, बदकांची आणि गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या 88 पेन्सच्या बाथटबच्या बुचाची. व्याजाचे कोष्टक समजायला डोके लागते, बूच लगेच समजते. नियमात बसणारे, नियमात बसणारे पण लाजिरवाणे, आणि सरळ फसवणुकीचे अशा तीन प्रकारांना एकाच मापाने मोजण्यात काही प्रामाणिक माणसेही भरडली गेली. शिवाय वेळ अशी होती की 2008 आणि 2009 या दोन वर्षांत सरकारने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या एकाच बँकेत 45 अब्ज पौंडांहून अधिक ओतले होते आणि नोकऱ्या धडाधड जात होत्या. अब्जांचा हिशेब कोणाला मागावा हे लोकांना कळत नव्हते. खासदाराचे नाव आणि मतदारसंघ मात्र छापलेला होता.

पक्षनेत्यांत परिस्थिती आधी ओळखली ती हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी. ब्राऊन यांनी 11 मे रोजी सर्व राजकारण्यांच्या वतीने माफी मागितली आणि नियमांतील दोषावर बोट ठेवले. कॅमेरॉन यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या सहकाऱ्यांना पैसे परत करा नाहीतर पक्षाबाहेर व्हा असे सांगितले आणि स्वतःच्या घरावरील वेल काढण्याचे 680 पौंडही भरले. त्याच आठवड्यात अध्यक्ष मार्टिन यांचा तोल सुटला. गळतीच्या तपासासाठी पोलिसांना बोलावण्याच्या निर्णयावर टीका करणाऱ्या खासदार केट होई यांना त्यांनी भर सभागृहात फटकारले. लोक खर्चाबद्दल विचारत असताना अध्यक्ष चोरीबद्दल बोलत आहेत, हे चित्र संसदेला झेपणारे नव्हते. अविश्वासाचा ठराव दाखल झाला आणि 19 मे रोजी मार्टिन यांनी जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या निवेदनात राजीनामा जाहीर केला. याआधी कॉमन्सच्या अध्यक्षाला अशा रीतीने घालवण्यात आले होते ते 1695 मध्ये, लंडन शहराच्या महामंडळाकडून हजार गिनींची लाच घेतल्याबद्दल सर जॉन ट्रेव्हर यांना. मार्टिन यांनी लाच घेतली नव्हती; त्यांचा अपराध कागद झाकण्याचा होता.

4 जूनला युरोपीय संसदेची आणि काही ठिकाणी स्थानिक संस्थांची निवडणूक होती. तिच्या आधीच्या दोन दिवसांत जॅकी स्मिथ आणि ब्लिअर्स यांनी मंत्रिपद सोडण्याचे जाहीर केले, आणि मतदान संपता संपता आणखी एक मंत्री जेम्स परनेल यांनी राजीनामा देत ब्राऊन यांनीच पायउतार व्हावे असे सुचवले. ब्राऊन तगले, पण मजूर पक्षाला 15.7 टक्के मते मिळून तो युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा पुकारा करणाऱ्या यूकिप या पक्षाच्याही मागे पडला. प्रस्थापित पक्षांवरचा राग कोणत्या वाटेने वाहणार आहे, याची ती पहिली ठळक खूण होती.

18 जून रोजी संसदेने अधिकृत कागद अखेर प्रसिद्ध केले. पानेच्या पाने काळी होती. सहा आठवडे ज्यांनी ‘टेलिग्राफ’ वाचला होता त्यांना त्या काळ्या पट्ट्यांखाली काय आहे हे ठाऊक होते, आणि त्यामुळे लपवाछपवीचा पुरावा संसदेने स्वतःच्या हाताने लोकांपुढे ठेवल्यासारखे झाले. ‘गार्डियन’ने ती 4,58,832 पाने वाचकांपुढे ठेवून तपासणीसाठी मदत मागितली, तेव्हा पहिल्या 80 तासांत वीस हजारांहून अधिक वाचकांनी 1,70,000 पाने चाळून काढली. फ्लिपिंग त्यांना त्यांतून शोधता येणे शक्यच नव्हते.

यानंतरची आवराआवर कायद्याच्या गतीने झाली. जुलै 2009 मध्ये संसदीय मानकांचा कायदा होऊन ‘इप्सा’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि खासदारांच्या खर्चाची मंजुरी त्यांच्याच नोकरांच्या हातून निघून तिच्याकडे गेली. निवृत्त सनदी अधिकारी सर टॉमस लेग यांनी जुन्या हिशेबांची तपासणी करून सुमारे 390 आजी-माजी सदस्यांकडून एकूण 11 लाख 20 हजार पौंडांची परतफेड मागितली. तपासणीचा स्वतःचा खर्च त्याहून थोडा जास्तच झाला. मॉर्ली आणि त्यांच्याच पक्षातून निवडून आलेले डेव्हिड चेटर व जिम डिव्हाइन यांनी आपल्यावरील खटल्यात 1689 च्या हक्कपत्राचा आधार घेऊन असा बचाव केला की संसदेच्या कामकाजाबद्दल जाब विचारण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. राजाच्या जुलमापासून सदस्याच्या भाषणस्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम खोट्या पावत्यांच्या रक्षणाला आणण्याचा हा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या अखेरीस फेटाळला. चेटर यांना 18 महिन्यांची, मॉर्ली व डिव्हाइन यांना प्रत्येकी 16 महिन्यांची कैद झाली.

मे 2010 च्या निवडणुकीत 149 सदस्यांनी उमेदवारीच केली नाही, हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा विक्रम होता. हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे संयुक्त सरकार आले, आणि त्यातले अर्थखात्याचे मंत्री डेव्हिड लॉज यांना अवघ्या 17 दिवसांत जावे लागले. आपल्या जोडीदाराला दिलेल्या भाड्यापोटी त्यांनी 40 हजार पौंड घेतल्याची बातमी त्याच ‘टेलिग्राफ’ने त्याच डिस्कच्या आधारे दिली होती. हेदर ब्रुक यांची पाच वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या पहिल्या पानावर गेली, आणि ब्रिटिश पत्रकारितेने त्यांना नंतर एक विशेष पारितोषिक देऊन त्याची भरपाई केली.

2011 पासून खासदारांचा पगार ठरवण्याचे कामही इप्साकडे गेले. जुलै 2015 मध्ये तिने तो 67,060 पौंडांवरून 74,000 पौंडांवर नेला. पंतप्रधानांसह पक्षनेत्यांनी वाढीला नापसंती दर्शवली, दोन दिवस मथळे आले, आणि वाढ अमलात आली. तिच्यासाठी सभागृहात मतदान घ्यावे लागले नाही.